बॉयलरचा दाब रोज का उतरत होता?

इंग्लंडमधल्या आमच्या घरात मागच्या हिवाळ्यात कॉम्बी बॉयलरने (घर गरम करणं आणि नळाला गरम पाणी, दोन्ही करणारा एकच बॉयलर) जीव नकोसा केला. थंड असताना दाबाचा काटा 1 ते 1.5 बारच्या मध्ये हवा. आमचा सकाळी 0.4 वर. बॉयलर बंद, आई शाल गुंडाळून स्वयंपाकघरात. पाणी भरायचं, दोन दिवसांनी पुन्हा तेच. सारखं ताजं पाणी भरणं वाईटच, त्यातल्या ऑक्सिजनने रेडिएटर आतून गंजतात.

आधी गळती शोधली. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू फिरवला, ओल कुठेच नाही. मग हीटिंग सुरू करून काट्यासमोर बसलो. वीस मिनिटांत तो 1.2 वरून 3 ला टेकला, आणि उलगडा झाला. 3 बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून पाणी बाहेर सोडतो. ते पाणी जिथून बाहेर पडतं त्या, बाहेरच्या भिंतीतून निघणाऱ्या तांब्याच्या नळीला रात्री प्लॅस्टिकची पिशवी बांधली. सकाळी तिच्यात पेलाभर पाणी!

म्हणजे दोष एक्स्पान्शन व्हेसलचा. तापून फुगलेल्या पाण्याला जागा मिळावी म्हणून या डब्यात रबरी पडद्यामागे हवा असते. तीच निघून गेली होती. बॉयलरचं झाकण काढायचं, म्हणून गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची तिथली अधिकृत यादी) नोंदणी असलेल्या इंजिनिअरला बोलावलं. त्याने हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबून पाहिली. पाणी आलं असतं तर पडदा फाटलेला. सुदैवाने नाही आलं. सिस्टिमचा दाब शून्यावर आणून त्याने पंपाने 0.75 बार हवा भरली. सेफ्टी व्हॉल्व्हही बदलला, कारण एकदा उघडला की त्यात कचरा अडकून तो ठिबकत राहू शकतो.

आता तापल्यावरही काटा 1.7 च्या पुढे जात नाही.