अंगठा खाली असतो : सोलापुरात राहून पुस्तकांची चित्रं काढताना

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दोन-चार मुलंमुली हातात फाइल घेऊन आमच्या घरी येतात. सोबत आई नाहीतर वडील. फाइलमध्ये चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या वेळची स्थिरचित्रं, गणपती, तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, आणि अलीकडे मोबाइलवर काढलेली मोठ्या डोळ्यांची जपानी धाटणीची पात्रं. पालक विचारतात, "यात पोट भरेल का?" मुलं गप्प असतात. पण त्यांना विचारायचं असतं ते वेगळंच, की आपण हे काढायचं ते कशासाठी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला पुण्यात नोकरी करताना मिळालं. दुसऱ्याचं मिळायला लेक व्हावी लागली. म्हणून दोन्ही एकदा सविस्तर लिहून ठेवतेय.

बाबा सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात कार्ड पंचिंग करायचे. चादरीवरचं फूल आधी ग्राफ पेपरवर उतरतं. भरलेला चौकोन म्हणजे उभा धागा वर, कोरा म्हणजे खाली. तो ग्राफ वाचत पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची, पट्ट्या दोऱ्यानं एकमेकींना ओवायच्या आणि जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणवून घेणाऱ्या मागावरच्या यंत्रावर, चढवायच्या. मग माग एकेक पट्टी घेत फूल विणत जातो. आता बऱ्याच ठिकाणी हे काम संगणकावर होतं, पण माझ्या लहानपणी घरात ग्राफची भेंडोळी असायची आणि शाळेतून आले की चौकोन भरायचं काम माझं. बाबा एकच गोष्ट सांगायचे, "पेन्सिल आहे तोवर काय खोडायचं ते खोड. पंच पडला की खोडरबर चालत नाही." एक भोक चुकलं की ती चूक प्रत्येक चादरीवर उमटणार.

पुस्तकांची चित्रं काढायच्या माझ्या धंद्यातला निम्मा व्यवहार मला बाबांच्या या वाक्यात दिसतो. पुस्तकाचं काम मिळालं की आधी सगळ्या पानांची काडेपेटीएवढी छोटी चित्रं काढा, मग पेन्सिलचे रफ, आणि रफ लेखी मंजूर झाल्याशिवाय रंगाला हात लावू नका. मंजुरी ईमेलवर घ्या, फोनवर नको. एकदा मी फोनवरच्या "छान आहे, करा पुढे" वर विसंबून आठ पानं रंगवली आणि नंतर नायिकेचं वय बदललं. आठही पानं पुन्हा काढली, वरचा पैसा मिळाला नाही. तेव्हापासून करारात लिहिते, की रफमध्ये दोनदा बदल करून देईन, रंगवल्यानंतरच्या बदलाचे पैसे वेगळे.

शिक्षणाचं थोडक्यात. बारावीनंतर राज्याची सीईटी देऊन उपयोजित कलेचा, म्हणजे जाहिराती-पुस्तकांसाठीच्या चित्रकलेचा, चार वर्षांचा बीएफए हा पदवी अभ्यासक्रम करता येतो. मी तो पुण्यात केला आणि पाच वर्षं एका जाहिरात एजन्सीत काढली. बिल्डरांच्या माहितीपत्रकांत आई, बाबा, एक मुलगा, एक मुलगी आणि मागे बाल्कनी, असं कुटुंब मी इतक्या वेळा काढलं की डोळे मिटून काढू शकले असते. त्या घरात कुणी काही करत नसे, सगळे नुसते हसत उभे. तरीही नव्या मुलांना माझा आग्रह असतो, दोन-तीन वर्षं नोकरी कराच. छपाईचे चार रंग पडद्यावरच्या रंगांपेक्षा मळके का येतात, कडेला तीन मिलिमीटर चित्र जास्त का सोडायचं, जोडपानाच्या मधल्या घडीत कुणाचं तोंड का येऊ द्यायचं नाही, हे मी तिथे शिकले. आणि महिन्याच्या महिन्याला पगार आला की माणूस निवांतपणे शिकतो. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेल्या चित्रकार एम. एफ. हुसेननीही पोटासाठी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवली, मुलांचं फर्निचर आणि खेळणी केली. कमाईचं काम आणि मनाचं काम काही वर्षं वेगळं राहिलं, तर त्यात कमीपणा मानू नका.

२०१६ मध्ये बाळंतपणासाठी सोलापूरला आले आणि इथेच राहिले. तेव्हा बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांची होती, २०१७ पासून ती २६ झाली. नोकरी सोडून स्वतंत्र काम करणारीला मात्र यातलं काहीच मिळत नाही. मूल हवं असेल तर सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला काढा, हे मी मुलींना स्पष्ट सांगते. मुलग्यांनाही सांगते.

पहिलं वर्ष कठीण गेलं. लेक दुपारी चाळीस मिनिटं झोपायची. एप्रिल-मे मधलं सोलापूरचं ऊन, बंद खिडक्या, मध्येच वीज गेली की टॅबलेट बंद. शाईची दौत उघडावी तर रांगतं मूल. शेवटी सगळं पेन्सिलवर आणलं. रात्री ती झोपल्यावर विचार करायचा आणि चौकटी आखून ठेवायच्या, दुपारी फक्त हात चालवायचा. दुपारी विचार करत बसले की चाळीस मिनिटं संपायची. घरी लहान मूल असलेल्या कुणालाही ही विभागणी उपयोगी पडेल.

त्या दिवसांत शेजारच्या अक्कांनी मला तारलं. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसायच्या आणि शेजारी चटईवर माझी लेक. ओलावलेलं तेंदूचं पान पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोऱ्याची गाठ, आणि नखानं तोंड आत दुमडायचं. हे सगळं बोलता बोलता, खाली न बघता. मी बसल्या बसल्या त्यांचे हात काढू लागले. पुढे एका प्रकाशकानं छोट्या मुलांसाठी कामाच्या हातांवरचं पुस्तक दिलं, त्यात भाकरी थापणारे, मागाचा धागा जोडणारे हात होते, आणि मी अक्कांचे हातही घातले. संपादकांनी विचारलं, मुलांच्या पुस्तकात तंबाखू कशाला? प्रश्न रास्त होता. दोन दिवस विचार केला. मग लिहून कळवलं, की या शहरात हजारो बायका या कामावर घर चालवतात, त्यांची मुलं पुस्तक उघडतील तेव्हा आईचं काम त्यांना वगळलेलं दिसायला नको. ओढणारा माणूस काढायचा नाही, नुसतं पान कापणं आणि वळणं दाखवायचं, असं ठरलं.

रफ अक्कांना दाखवला. त्यांनी तो सुपावर ठेवला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "छान काढलीस की गं. पण बिडी अशी धरत नाहीत. अंगठा खाली असतो बघ, नाहीतर पान सुटतंय." त्यांनी वळून दाखवलं. माझ्या चित्रात अंगठा वर होता. वर्षभर रोज समोर बघून मी चुकीचं काढलं होतं.

पाच वर्षांच्या एजन्सीतल्या कामात मला असं कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्या हसऱ्या कुटुंबाला कसलं कामच नव्हतं. ज्याचं चित्र काढतो त्यानं "हो, हे असंच असतं" म्हणावं, यासाठी काढायचं, हे मला त्या दुपारी कळलं.

लेक तीन वर्षांची झाल्यावर दुसरी शिकवणी सुरू झाली. पुस्तक वाचून दाखवताना मोठी माणसं अक्षरं बघतात आणि मूल त्या वेळात चित्राचा कानाकोपरा बघून घेतं. ती विचारायची, या पानावर मांजर होतं, पुढच्या पानावर कुठे गेलं? मी ते जागा भरायला काढलेलं असायचं. आता मांजर आलं तर त्याला शेवटच्या पानापर्यंत नेते. नव्या मुलांनी एखाद्या बालवाडीत बसून चित्रपुस्तक वाचून दाखवावं. पोरांची बोटं कुठे जातात तेवढं बघायचं.

व्यवहाराचं थोडं. नोकरीत काढलेल्या चित्रांवर साधारणपणे मालकाचा हक्क असतो. पैसे घेऊन काढून दिलेल्या चित्रांबाबत कायद्यात अपवाद आहेत, म्हणून हक्क कुणाचा हे करारात लिहूनच घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचे तर लेखी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. "सर्व हक्क कायमचे" या ओळीवर सही करण्याआधी त्याचे जास्त पैसे मागा. ॲडव्हान्स घेतल्याशिवाय सुरुवात नको. मानधनातून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला गेला तर रिटर्न भरा, उत्पन्न कमी असताना तो परत मिळतो.

बघायला भरपूर आहे. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भोपाळच्या एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे मुलांचं हिंदी मासिक बघा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठीसह कितीतरी भाषांतली चित्रपुस्तकं मोफत आहेत. एकच पुस्तक घ्या आणि बघा, पान उलटायच्या आधी चित्रकारानं काय लपवलंय. आणि जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, वही घेऊन जा. मिरवणुकीतला उंच नंदीध्वज सगळेच काढतात. तुम्ही तो तोलणाऱ्या माणसाची पावलं काढा, त्याच्या अंगातल्या बाराबंदीच्या गाठी काढा.

काम मिळवायला पुण्या-मुंबईत राहावंच लागतं असं आता नाही. मी वर्षातून चार-पाच वेळा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाते, रात्री परत.

सध्या मागावरचं पुस्तक चाललंय. मागच्या आठवड्यात सवयीनं रफ अक्कांकडे नेले. त्या म्हणाल्या, "हे बाबांना दाखव. मला मागातलं काय कळतंय?" बाबांनी चष्मा पुसला, रफ खिडकीपाशी नेले आणि पेन्सिलीनं तीन ठिकाणी गोल केले. एका चित्रात पट्ट्या उलट्या ओवल्या आहेत, दुसऱ्यात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला धागाच नाही. तिसरा गोल कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, "तूच शोध" म्हणाले. लेक साडेबाराला शाळेतून येते, तोवर शोधायचंय.