महाधमनीचा दाह तपासणारा पेट-सीटी: मार्फनसारख्या आजारांत कोकणातून जाताना करायची तयारी

मार्फन, लॉइस-डीट्झ किंवा व्हॅस्क्युलर एलर्स-डॅन्लॉस यांपैकी एखादा आनुवंशिक संयोजी ऊतींचा आजार घरात असला की इको किंवा एमआरआय करून महाधमनीची (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीची) रुंदी मोजत राहणे अंगवळणी पडलेले असते. मात्र महाधमनी फुगलेली आहे म्हणून तिला दाह झालाच आहे असे होत नाही. या आजारांत भिंत मुळातच कमकुवत असते; दाह, उदाहरणार्थ ताकायासू आर्टरायटिस (मोठ्या धमन्यांच्या भिंतींना सूज आणणारा आजार), हे वेगळे दुखणे आहे आणि त्यावरचे औषधही वेगळे आहे. बारीक ताप आठवडेच्या आठवडे राहतो, सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा घटक) चढलेला असतो, दोन हातांच्या रक्तदाबात ठळक फरक दिसतो, तेव्हा दाहाची शंका येते. पावसाळ्यात लेप्टोसारखी कारणे आधी वगळावीत. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली तर मात्र या लेखातले काहीही करत बसू नये. ती तातडीच्या सीटी अँजिओग्राफीची वेळ आहे.

पेट-सीटीमध्ये एफडीजी नावाची किरणोत्सारी साखर शिरेतून देतात आणि दाह असलेल्या भिंतीतल्या पेशी ती जास्त ओढून घेतात, म्हणून तो भाग चित्रात चमकतो. तिची किरणोत्सारिता साधारण ११० मिनिटांत निम्मी होते, म्हणून ती साठवून ठेवता येत नाही आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या रुग्णाला बहुधा मोठे शहर गाठावे लागते. निघण्यापूर्वी स्टेरॉइडचा विषय मिटवावा, कारण माझ्या मते निकाल सर्वांत जास्त बिघडतो तो इथेच. औषध सुरू होऊन तीन-चार दिवस उलटले की भिंतीची चमक मंदावू लागते आणि दाह असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. तरीही औषध मनाने बंद करू नये. पहिली गोळी केव्हा घेतली ती तारीख लिहून न्यावी आणि पुढचे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

आदल्या दिवशीच्या जेवणात भात, भाकरी, आंबोळी, गूळ, कोकम सरबत नको, म्हणजे हृदयाचे स्नायू साखर कमी ओढतात आणि महाधमनीचा मुळाकडचा भाग स्पष्ट दिसतो. बांगडा तळून चालेल, पण आपल्याकडे तो तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवल्याशिवाय तव्यावर पडत नाही, आणि नेमके तेच पीठ इथे नको असते. अंडी चालतात. त्यानंतर किमान सहा तास पाण्याशिवाय काही घेऊ नये. रक्तातील साखर १२६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या खाली असलेली बरी, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या व इन्सुलिन यांच्या वेळा केंद्राला आधीच विचाराव्यात. बीटा ब्लॉकर (महाधमनीवरचा ताण कमी करणारी रोजची गोळी) चुकवू नये. लावणीचे दिवस असतील तर आदला पूर्ण दिवस चिखलात उतरू नये, आणि गाडीतून उतरताना बॅगा दुसऱ्याने उचलाव्यात. राबलेले स्नायूही चमकतात, शिवाय कमकुवत महाधमनीला वजन उचलणे तसेही मानवत नाही.

केंद्रात इंजेक्शननंतर साधारण तासभर थंड खोलीत पडून राहावे लागते. थंडी वाजली की मानेजवळची तपकिरी चरबी पेटते, आणि मार्फनच्या सडपातळ तरुणांत ती चमक मानेच्या रक्तवाहिन्यांची समजली जाण्याचा धोका असतो. म्हणून घरची गोधडी न्यावी. ती न्यायला लाजू नये.

व्हॅस्क्युलर एलर्स-डॅन्लॉस असेल तर सुई टोचण्यापूर्वीच तंत्रज्ञाला सांगावे: त्वचा व शिरा नाजूक आहेत, कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या ठळक दिसण्यासाठीचे औषध) जोराने सोडू नये, सुई काढल्यावर जास्त वेळ दाबून धरावे. धमनीत नळी घालून करायची अँजिओग्राफी या रुग्णांत शक्यतो टाळतात. एमआर अँजिओग्राफीने बरेचसे काम होते. पेटमध्ये बारीक धमन्या नीट दिसत नाहीत हेही लक्षात असू द्यावे.

अहवालात भिंतीच्या चमकेची तुलना यकृताशी करतात: यकृतापेक्षा कमी ती पहिली श्रेणी, त्याच्याइतकी ती दुसरी, जास्त ती तिसरी. तिसरी आली तर दाहाची शक्यता बळकट होते. महाधमनीवर कृत्रिम नळी बसवलेली असेल तर तिच्याभोवतीची चमक दाहाशिवायही बराच काळ टिकू शकते, म्हणून शस्त्रक्रियेचा कागद सोबत हवाच. जुन्या फिल्म आपल्या दमट हवेत एकमेकींना चिकटतात. सीडी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवावी आणि पुढचा स्कॅन शक्यतो त्याच यंत्रावर, इंजेक्शननंतर तितक्याच वेळाने करून घ्यावा. परतीच्या गाडीत पाणी भरपूर प्यावे, आणि तान्हे मूल किंवा गरोदर बाई शेजारी असेल तर जागा बदलून घ्यावी.