माजी जोडीदार वारला, गृहकर्ज दोघांच्या नावावर: गोव्यात काय करावं

घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘हप्ते तो भरेल’ असं लिहिलेलं असलं, तरी बँकेवर ते बंधनकारक नसतं. करारावर सहकर्जदार म्हणून तुमची सही असेल, तर उरलेली सगळी रक्कम बँक तुमच्याकडे मागू शकते. म्हणून आधी हप्ता चालू ठेवा. 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए (बँकेच्या लेखी थकीत कर्ज) होतं, पुढे कर्ज फेडण्यासाठी 60 दिवसांची नोटीस येते.

मृत्यूचा दाखला घेऊन शाखेत जा, बाकी रक्कम लेखी मागा. मंजुरीपत्रात कर्जाचा विमा (कर्जदार वारला तर बाकी कर्ज फेडणारा) आहे का ते नीट बघा. त्याचा प्रीमियम अनेकदा कर्जातच मिसळलेला असतो, त्यामुळे घरच्यांना पत्ताच नसतो.

गोव्यात खरी गुंतागुंत मालकीची. विवाहपूर्व करार नसेल तर मालमत्ता सहसा निम्मी-निम्मी. वाटणी राहिली असेल तर त्याचा अर्धा हिस्सा मुलांकडे किंवा इतर वारसांकडे जातो, तुमच्याकडे नाही. वारस कोण, हे स्पेशल नोटरीसमोरच्या (वारसाहक्काचे दस्त करणारा गोव्यातला सरकारी अधिकारी) दस्ताने ठरतं. वाटणीसाठी दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी प्रोसिडिंग, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वाटण्याची कारवाई. वारसांची जबाबदारी मिळालेल्या वारशापुरतीच. त्याच्या वाट्याचं कर्ज तुम्ही भरलंत तर ते त्याच्या वारशातून मागता येतं, म्हणून प्रत्येक हप्ता स्वतःच्या खात्यातूनच भरा, रोख नको.