दुसऱ्या मशीनवरून रॅबिटएमक्यू जोडताना 'ॲक्सेस रिफ्यूज्ड' येतंय? या चुका टाळा

गाळप हंगाम सुरू झाला की माझ्या मोबाइलवर एकाच प्रकारचे फोटो यायला लागतात. स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात लाल अक्षरांत 'ॲक्सेस रिफ्यूज्ड', आणि खाली ओळ: "सर, माझ्या लॅपटॉपवर चालत होतं."

लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यातल्या साखर कारखान्यांत, डाळ मिलांत, जालन्याच्या बियाणे कंपन्यांत आता चित्र सारखंच आहे. वजनकाटा एका मशीनवर, हिशेब दुसऱ्या, गोदाम तिसऱ्या, आणि मध्ये एकाचा निरोप दुसऱ्याला पोचवणारा सर्व्हर, म्हणजे रॅबिटएमक्यू. सगळं एकाच मशीनवर असतं तोपर्यंत कुणाला परवानगीची आठवण होत नाही. दुसरं मशीन जोडायला घेतलं की दार बंद मिळतं, आणि तिथून पुढे जो गोंधळ होतो तो दरवर्षी तोच असतो. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितोय.

लॉग न वाचता उपाय सुरू करणं

बाकीच्या सगळ्या चुका इथून सुरू होतात. लॉगिन नाकारलं गेलं की क्लायंटला, म्हणजे सर्व्हरला जोडू बघणाऱ्या ॲपला, जो संदेश मिळतो, त्याचं शेवटचं वाक्यच मुळी असं आहे: 'फॉर डिटेल्स सी द ब्रोकर लॉगफाइल'. सर्व्हर स्वतः सांगतोय की कारण माझ्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, बघा. तरी मुलं क्लायंटच्याच मशीनवर बसून लायब्ररीची आवृत्ती बदलत राहतात.

सर्व्हर क्लायंटला कारण सांगत नाही, ते मुद्दाम. यूझर चुकला की पासवर्ड, हे अनोळखी माणसाला कळू नये म्हणून. खरं कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं. लिनक्सवर ते 'व्हार'मधल्या 'लॉग'खाली रॅबिटएमक्यूच्या फोल्डरमध्ये सापडतं. माझी सवय अशी, की सर्व्हरवर लॉग चालू ठेवायचा, मग क्लायंटवरून एकदाच जोडायचा प्रयत्न करायचा आणि त्या क्षणी लॉगमध्ये कोणती ओळ पडते ते बघायचं.

ओळच पडली नाही, तर तुमचा निरोप दारापर्यंत गेलेलाच नाही. तो फायरवॉलचा किंवा चुकीच्या आयपीचा प्रश्न आहे. ५६७२ हा पोर्ट उघडा आहे का ते बघा आणि परवानग्यांना हात लावू नका. क्लायंटवर 'टाइमआउट' किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तरी हेच. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'ॲक्सेस रिफ्यूज्ड' यांतला फरक न बघता लोक फोन करतात, आणि मला पहिला प्रश्न नेहमी तोच विचारावा लागतो.

'गेस्ट' घेऊन दुसऱ्या मशीनवरून जायचा प्रयत्न

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते, कारण तिचा उपाय सोपा आहे आणि लोक तिच्यावर जो शॉर्टकट मारतात तो घातक आहे.

रॅबिटएमक्यू बसवलं की 'गेस्ट' नावाचा यूझर तयार मिळतो, पासवर्डही 'गेस्ट'. २०१४ साली आलेल्या ३.३.० या आवृत्तीपासून हा यूझर फक्त त्याच मशीनवरून, म्हणजे लोकलहोस्टवरूनच आत येऊ शकतो. दुसऱ्या मशीनवरून आला की लॉगमध्ये ओळ पडते: यूझर गेस्ट, कॅन ओन्ली कनेक्ट व्हाया लोकलहोस्ट. इतकं सरळ.

एका कारखान्यावर ऐन हंगामात संध्याकाळी नवा सर्व्हर चालू केला. काट्याच्या मशीनवरून वजन सर्व्हरकडे जाईना. पावती निघेना, म्हणून भरलेल्या गाड्या काट्यावरून हलेनात. काट्यावरच्या क्लार्कचा फोन आला, "साहेब, गाड्या पार रोडपस्तोर गेल्यात. ड्रायव्हर लोकं ऐकंनात." तोडलेला ऊस उभा राहिला की वाळतो, वजन घटतं, उतारा पडतो. वजनाचा तोटा थेट शेतकऱ्याच्या बिलात दिसतो. आधी हातानं पावत्या फाडायला लावल्या आणि मग बसवणाऱ्या पोराला फोनवर घेतलं.

तो म्हणाला, "सर, मी ऑफिसात दुसऱ्या मशीनवरून जोडून बघितलं होतं. तिथं चाललं, मग इथंच कामून नाही?"

प्रश्न रास्त होता. ऑफिसात त्यानं डॉकरमध्ये, म्हणजे तयार साच्यातून (इमेज) प्रोग्राम वेगळ्या डब्यात (कंटेनर) चालवणाऱ्या साधनात, चालवलं होतं, आणि डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये गेस्टवरची लोकलहोस्टची अट आधीच काढून टाकलेली असते, शिकणाऱ्याला सोपं जावं म्हणून. कारखान्यावर त्यानं साधं पॅकेज बसवलं. तिथं अट जागेवर होती. कोड तोच, यूझर तोच, पासवर्ड तोच, पण एका ठिकाणी दार उघडं आणि दुसऱ्या ठिकाणी बंद. लॉगची शेवटची ओळ वाचायला लावली तेव्हा त्याला उलगडलं.

तोपर्यंत कुणीतरी त्याला उपाय सुचवला होता: कॉन्फिगमध्ये 'लूपबॅक यूझर्स'ला 'नन' करून टाक, म्हणजे लोकलहोस्टची अटच निघून जाईल. तो ते टाइप करतच होता. मी थांबवलं. नवा यूझर करायला 'ॲड यूझर', त्याला परवानगी द्यायला 'सेट परमिशन्स', आणि काट्याच्या मशीनवर नाव-पासवर्ड बदलायचा. एवढंच काम होतं. ते झालं, पावत्या निघायला लागल्या, रांग हलली.

त्या 'नन'ला माझा इतका विरोध का, तेही सांगतो. दुसऱ्या एका ठिकाणी असाच अडलेला असताना कुणीतरी 'नन' केलं होतं आणि काम झाल्यावर ते तसंच राहिलं. गेस्टला प्रशासकाचा टॅग असतो आणि सुरुवातीच्या व्हर्च्युअल होस्टवर (सर्व्हरमधला वेगळा कप्पा) सगळ्या परवानग्या असतात. तिथं राउटरवरून ५६७२ आणि मॅनेजमेंट स्क्रीनचा १५६७२, दोन्ही पोर्ट बाहेर उघडे सोडलेले. म्हणजे जगातल्या कुणालाही 'गेस्ट, गेस्ट' टाकून आत यायचं, वजनाची क्यू, म्हणजे निरोपांची रांग, रिकामी करायची किंवा पुसून टाकायची मुभा. हंगाम संपल्यावर तपासणीत ते सापडलं. शेतकऱ्याचं वजन ज्या रस्त्यानं जातं तो रस्ता असा ठेवायचा नसतो. माझ्या हातचं कोणतंही काम मी गेस्ट यूझर पुसल्याशिवाय सोडत नाही, आणि प्रत्येक काट्याला स्वतंत्र यूझर देतो. मग लॉगमध्ये नाव दिसलं की कोणता काटा अडलाय ते लगेच कळतं.

प्रशासक केलं म्हणजे परवानगी मिळाली, असं समजणं

'ॲडमिनिस्ट्रेटर' हा टॅग मॅनेजमेंट स्क्रीनसाठी आहे. व्हर्च्युअल होस्टवर परवानगी दिलेली नसेल तर प्रशासकालाही 'ॲक्सेस टू व्हीहोस्ट रिफ्यूज्ड' येतं, कोड ५३०. टॅग आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन परवानग्या न समजता तिन्हीकडे टिंब-तारा (.*) लावणं

लॉगिन झालं, व्हर्च्युअल होस्टही मिळाला, आणि तरी ४०३, म्हणजे 'ॲक्सेस रिफ्यूज्ड'चा कोड, येतोय? मग प्रश्न यूझरचा नाही, त्याला दिलेल्या कामाचा आहे. परवानग्या तीन: कॉन्फिगर, राइट, रीड, याच क्रमानं, आणि प्रत्येकीत ती कोणत्या नावांना लागू ते नमुन्यानं (रेग्युलर एक्स्प्रेशन) सांगायचं. क्यू किंवा एक्स्चेंज (आलेला निरोप योग्य क्यूकडे पाठवणारा भाग) तयार करायला कॉन्फिगर लागते. एक्स्चेंजवर निरोप टाकायला त्या एक्स्चेंजवर राइट, क्यूमधून उचलायला त्या क्यूवर रीड. क्यू एक्स्चेंजला बांधायची असेल तर क्यूवर राइट आणि एक्स्चेंजवर रीड, हे उलटं वाटतं आणि इथं बरेच जण अडतात.

आणखी एक जागा आहे जिथं चांगले चांगले अडकतात. निरोप थेट क्यूच्या नावानं टाकला तरी तो आतून डिफॉल्ट एक्स्चेंजमधूनच जातो. परवानगी तपासताना सर्व्हर त्याला 'एएमक्यू.डिफॉल्ट' म्हणतो. त्यामुळे क्यूवर राइट देऊन उपयोग होत नाही, त्या नावावर द्यावी लागते.

दुसरी जागा: क्यू आधीच तयार आहे, काट्याच्या यूझरला फक्त राइट दिली आहे, आणि तरी ॲप सुरू होताना ४०३. कारण ॲप सुरुवातीलाच क्यू 'डिक्लेअर' करतं, म्हणजे 'नसेल तर तयार कर' असं सांगतं, आणि क्यू अस्तित्वात असली तरी डिक्लेअर करायला कॉन्फिगरची परवानगी लागतेच. इथं परवानगी वाढवू नका, कोडमध्ये 'पॅसिव्ह' डिक्लेअर करा. त्याला परवानगी लागत नाही, क्यू आहे की नाही एवढंच ते बघतं.

घाईत असलेला माणूस या सगळ्यावर एकच उतारा काढतो: तिन्ही जागी टिंब-तारा, म्हणजे सगळ्यावर सगळं. चालतं, यात शंका नाही. पण मग काट्यावरचं ॲप हिशेबाची क्यू रिकामी करू शकतं, आणि उद्या कुणाच्या चुकीनं तसं झालं तर शोधायला काहीच उरत नाही. मी आधी कागदावर लिहितो: कोण टाकणार, कोण उचलणार, कोण तयार करणार. तयार करणारा यूझर एकच ठेवतो, बाकीच्यांची कॉन्फिगर रिकामी. आणि नमुन्याला सुरुवातीची आणि शेवटची खूण (^ आणि $) लावतो, कारण ती नसेल तर 'काटा' हा नमुना 'जुनाकाटा-हिशेब'लाही लागू पडतो.

अर्लांग कुकीची अडचण पासवर्डमध्ये शोधणं

दोन सर्व्हर एकमेकांना जोडून क्लस्टर (एकत्र चालणारा गट) करायचा असेल तर ते एकमेकांना यूझर-पासवर्डनं ओळखतच नाहीत. रॅबिटएमक्यू अर्लांग या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेलं आहे आणि अर्लांगचे नोड (गटातला एकेक सर्व्हर) एका सामायिक गुपितावर विश्वास ठेवतात, त्याला कुकी म्हणतात. दोन्ही मशीनवर ती अक्षरशः सारखी हवी.

बियाण्यांच्या एका कंपनीत दोन सर्व्हर जोडायचे होते. 'जॉइन क्लस्टर' केलं की 'ऑथेंटिकेशन फेल्ड' यायचं. तिथल्या इंजिनिअरनं 'ऑथेंटिकेशन' हा शब्द वाचला आणि यूझरचा पासवर्ड बदलत बसला, मग दोन्हीकडे नवे यूझर केले, मग पॅकेज काढून पुन्हा बसवलं. संदेशात पुढे कुकी तपासा असं लिहिलेलं होतं. दुसऱ्या नोडच्या लॉगमध्ये 'इनव्हॅलिड चॅलेंज रिप्लाय' अशी ओळ होती. ती कुकीचीच खूण. शेवटी कुकी कॉपी केली ती रूटनं (मशीनचं मुख्य प्रशासक खातं), त्यामुळे फाइलची मालकी रूटकडे गेली आणि सर्व्हिसला ती वाचता येईना. मग वैतागून फाइल सगळ्यांना खुली केली, तर नोड सुरूच होईना, कारण कुकी फक्त मालकालाच वाचता येत असेल तरच अर्लांग ती स्वीकारतं. एका अडचणीच्या तीन झाल्या, आणि तिन्ही घाईतून.

माझा क्रम ठरलेला आहे. आधी दुसऱ्या मशीनवरची सर्व्हिस बंद. मग 'व्हार, लिब, रॅबिटएमक्यू'मधली टिंबानं सुरू होणारी अर्लांग कुकीची फाइल पहिल्या मशीनवरून आणायची. मालकी 'रॅबिटएमक्यू' या यूझरकडे द्यायची, परवानगी ४०० करायची आणि मगच सर्व्हिस सुरू. दोन्ही मशीनना एकमेकांची होस्टनावं कळतात का ते बघायचं, आणि ४३६९ व २५६७२ हे पोर्ट फक्त या दोघांपुरते उघडायचे. कमांड चालवणाऱ्या माणसाच्या होम फोल्डरमध्येही एक कुकी असू शकते. सर्व्हर ठीक चाललाय आणि कमांड मात्र नाकारली जातेय, असं झालं तर तीच जुनी कुकी शोधा. विंडोजवर हे फार होतं.

आणि लातूरचा एक नोड, संभाजीनगरचा एक, असा क्लस्टर करू नका. क्लस्टर एकाच लॅनसाठी आहे. रस्त्याच्या कामात फायबर तुटली की दोन्ही बाजू स्वतंत्र वागायला लागतात. दोन गावांसाठी शोव्हेल किंवा फेडरेशन (एका सर्व्हरवरचे निरोप दुसऱ्याकडे नेणारी प्लगइन) वापरा. ते साध्या क्लायंटसारखे यूझर-पासवर्डनं जातात, म्हणून तिथं कुकी नाही, वर सांगितलेल्या तीन परवानग्या तपासायच्या.

बारक्या पण वेळखाऊ

पासवर्डमध्ये @ किंवा तिरपी रेघ असेल तर यूआरआयमध्ये (जोडणीचा एका ओळीतला पत्ता) ती तशीच लिहू नका, टक्केचिन्हाच्या रूपात लिहा. @ साठी %४०, हा आकडा अर्थात इंग्रजी अंकांत.

यूआरआयच्या शेवटी नुसती तिरपी रेघ ठेवली तर व्हर्च्युअल होस्टचं नाव रिकामं जातं. सुरुवातीचा व्हर्च्युअल होस्ट हवा असेल तर ती रेघ काढून टाका.

पासवर्डमध्ये उद्गारचिन्ह असेल आणि तो कमांडमध्ये दुहेरी अवतरणात दिला, तर बॅश (लिनक्सवर कमांड घेणारा प्रोग्राम) तो बिघडवू शकतं. पासवर्ड कमांडमध्ये न देता विचारल्यावर टाका, आणि सर्व्हरवर 'ऑथेंटिकेट यूझर' चालवून खात्री करा. तिथं पास झाला म्हणजे पासवर्ड बरोबर आहे, चूक क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये शोधा.

डॉकरमध्ये डिफॉल्ट यूझरची सेटिंग फक्त पहिल्यांदा, डेटा रिकामा असताना लागू होते. नंतर ती बदलून कंटेनर कितीदाही सुरू केला तरी जुनाच यूझर राहतो. कंटेनरला होस्टनाव ठरवून दिलं नसेल तर नव्या कंटेनरला नवं नाव मिळतं, डेटा नोडच्या नावानं साठवलेला असतो, आणि सगळे यूझर गायब झाल्यासारखे दिसतात. होस्टनाव पक्कं ठेवा.

परवानगी बदलल्यावर चालू असलेल्या कनेक्शनवर ती लगेच दिसेलच असं नाही, कारण तपासणीचं उत्तर कनेक्शन आणि चॅनेलपुरतं साठवून ठेवलं जातं. बदल केला की क्लायंट तोडून पुन्हा जोडा आणि मगच पुढची परवानगी बदला.