मोठ्या मॉडेल रॉकेटचा तोल कसा तपासावा
१६० न्यूटन-सेकंदांहून अधिक आवेगाच्या (सरासरी जोर गुणिले जळण्याचा वेळ) इंधन-मोटरवर उडणारे रॉकेट नवी मुंबईतील खारघरच्या सदनिकेत बांधता येते. उडवता मात्र येत नाही, कारण विमानतळ जवळ आहे आणि मोटर व हवाई क्षेत्र या दोन्हींसाठी रीतसर परवानगी लागते.

मोटरच्या जागी तेवढ्याच वजनाची वाळूची पुरचुंडी (वाळू कोरडी असावी) ठेवून, पॅराशूट घडी करून भरल्यावर, रॉकेट सुतळीने आडवे टांगावे. जिथे ते समतोल राहते तो गुरुत्वमध्य वायुदाबाच्या केंद्रापेक्षा (उडताना हवेचा एकूण जोर जिथे एकवटतो तो बिंदू) नाकाच्या बाजूला किमान नळीच्या व्यासाइतका पुढे हवा. अंतर कमी भरल्यास नाकात वजन वाढवावे. पंख मोठे करण्यापेक्षा हे सोपे.

पावसाळ्यात पंखांच्या सांध्यांवरील इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) चिकट, पांढरट राहू शकते, म्हणून जोडकाम कोरड्या दिवसांत करावे.