मुंबईत कौशल्य प्रशिक्षण आणि रोजगारसाहाय्य कोठे व कसे शोधावे

मुंबईत मोफत किंवा अत्यल्प शुल्कात मिळणारे प्रशिक्षण कमी नाही, परंतु ते एका छपराखालीही नाही. राज्य शासन, केंद्र शासन, महानगरपालिका, विद्यापीठ आणि स्वयंसेवी संस्था यांची केंद्रे शहरभर विखुरलेली आहेत आणि एका कार्यालयातील कर्मचाऱ्याला दुसरीकडच्या योजनेची माहिती असेलच असे नाही. त्यामुळे दोन-तीन खेटे घालून हात हलवीत परतलेला तरुण अनेकदा निराश होतो आणि स्टेशनबाहेरच्या एखाद्या खासगी क्लासमध्ये घरच्यांनी साठवलेले पैसे भरून मोकळा होतो. ही वेळ येऊ नये, यासाठी पुढील माहिती.

घराबाहेर पडण्यापूर्वी घरातच एका प्रश्नाचे उत्तर ठरवावे: कमाई लगेच हवी आहे, की वर्ष-दोन वर्षे शिकण्याची सवड आहे? सवड असेल तर आयटीआय (औद्योगिक प्रशिक्षण संस्था), कमाई आणि शिकणे बरोबरीने हवे असेल तर ॲप्रेंटिसशिप (शिकाऊ उमेदवारी), आणि घर सांभाळून दिवसातले काही तासच मिळणार असतील तर जन शिक्षण संस्थानासारखे अल्पमुदतीचे वर्ग, अशी ढोबळ विभागणी करता येते. हे न ठरवता गेल्यास समोरचा ज्या वर्गात जागा रिकामी आहे तो वर्ग सुचवतो आणि आपणही मान डोलावतो.

पहिले काम नोंदणीचे. राज्य शासनाच्या महास्वयम् संकेतस्थळावर नोकरीइच्छुक म्हणून नाव नोंदवावे. पूर्वी ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचे कार्ड म्हणत असू, त्याचेच हे आजचे रूप आहे. केंद्र शासनाच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या संकेतस्थळावरही नाव नोंदवावे. दोन्ही ठिकाणी शुल्क नाही. प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असते आणि येथे मुंबईकरांची हमखास गफलत होते, कारण मुंबईत जिल्हे दोन आहेत. माहीम आणि सायनपर्यंतचा भाग, अर्थात धारावीसुद्धा, मुंबई शहर जिल्ह्यात येतो. वांद्रे व कुर्ल्यापासून पुढे दहिसर, मुलुंड आणि मानखुर्दपर्यंतचा भाग मुंबई उपनगर जिल्ह्यात येतो. आपल्या पत्त्याचा जिल्हा पाहून त्याच केंद्रात जावे आणि पुढचा रोजगार मेळावा कधी व कोठे आहे, हे तेथेच विचारून घ्यावे. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचे पासबुक यांच्या प्रती एका फाईलमध्ये तयार ठेवाव्यात. प्रशिक्षणाच्या काळात मिळणारी रक्कम, म्हणजे विद्यावेतन, थेट बँक खात्यात जमा होते. खाते आधारशी जोडलेले नसेल तर काम करूनही पैसे अडकून राहतात.

आयटीआयविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही तिला "मार्क कमी पडलेल्यांची जागा" समजले जाते आणि हा समज मुलांचे मोठे नुकसान करतो. मुंबईत लोअर परळ, मांडवी, कुर्ला, मुलुंड अशा अनेक ठिकाणी शासकीय आयटीआय आहेत. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय ऑनलाइन प्रक्रियेतून, दहावीच्या निकालानंतर फेऱ्यांनुसार होतात. इलेक्ट्रिशियन आणि फिटर हे ट्रेड (व्यवसाय अभ्यासक्रम) दोन वर्षांचे, तर वेल्डर एक वर्षाचा आहे. काही ट्रेड दहावी अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांनाही खुले आहेत. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यांना पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊकच नसते. ट्रेड निवडताना केवळ नाव ऐकून निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास त्या संस्थेच्या कार्यशाळेत जाऊन यंत्रे चालू स्थितीत आहेत का आणि निदेशकाची, म्हणजे ट्रेड शिकवणाऱ्याची, जागा भरलेली आहे का, हे पाहावे, कारण निदेशकच नसेल तर दोन वर्षे वाया जाण्याची भीती खरी आहे.

आयटीआयनंतरचा, आणि काही बाबतींत तिच्याशिवायही उघडणारा मार्ग म्हणजे ॲप्रेंटिसशिप. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. मुंबईत माझगाव डॉक, नौदल गोदी, मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे यांच्या जाहिराती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर निघतात. खासगी कंपन्यांच्या जागा ॲप्रेंटिसशिप इंडिया या केंद्रीय पोर्टलवर सापडतात. पदवी किंवा पदविका घेतलेल्यांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय योजना असून तिचे पश्चिम विभागाचे मंडळ सायनला आहे. मात्र हे आधीच लक्षात ठेवावे की, शिकाऊ मुदत संपल्यावर कायम नोकरी देण्याचे बंधन कायदा मालकावर घालत नाही. जे हाती लागते ते म्हणजे प्रमाणपत्र, विद्यावेतन आणि खऱ्या कारखान्यातला अनुभव. माझ्या मते तेवढ्यासाठीही हा मार्ग धरावा.

राज्य शासनाने 2024 मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत 18 ते 35 वयोगटातील उमेदवारांसाठी बारावी उत्तीर्णांना दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकांना 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. अर्ज करण्यापूर्वी सध्या कोणत्या आस्थापनेत जागा आहे आणि मुदत किती महिन्यांची आहे, हे जिल्हा केंद्रात विचारावे.

शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी जन शिक्षण संस्थान हा फार मोलाचा आधार आहे. या योजनेचे मूळ आपल्या वरळीत आहे. 1967 मध्ये गिरणी कामगारांच्या या परिसरात देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ (कामगारांसाठीचे शिक्षण केंद्र) सुरू झाले आणि पुढे त्याच धर्तीवर देशभर संस्थाने उभी राहिली. 15 ते 45 वयोगटातील निरक्षर, नवसाक्षर आणि बारावीपर्यंत शाळा सोडलेले लोक येथे शिकू शकतात. दादरची महिलांसाठीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था आणि बोरिवलीच्या शिंपोली रस्त्यावरील खादी आयोगाची कोरा संस्था यांचीही चौकशी करावी. बचत गट, शिलाई यंत्र किंवा स्वयंरोजगाराच्या योजनांसाठी महापालिकेच्या आपल्या विभाग कार्यालयात जाऊन समाज विकास अधिकाऱ्यांना भेटावे. पदवीबरोबर एखादे व्यावसायिक कौशल्य हवे असेल तर मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात गरवारे संस्था आहे.

दिव्यांग व्यक्तींसाठी नॅशनल करिअर सर्व्हिसचे स्वतंत्र केंद्र सायनच्या प्रशिक्षण संकुलात आहे आणि तेथे क्षमता-चाचणीपासून नोकरीपर्यंत मार्गदर्शन मिळते. वरळीला अंधांसाठी नॅब आणि चेंबूरला नॅसिओ या संस्था प्रशिक्षण देतात. जाताना दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सोबत ठेवावे.

कोणत्याही केंद्रात नाव घालण्यापूर्वी काही प्रश्न न संकोचता विचारावेत. प्रमाणपत्र कोण देणार, ते शासनमान्य आहे का, मागच्या तुकडीतल्या कितींना नोकरी लागली आणि कोणत्या कंपनीत, अर्ध्यावर सोडावे लागल्यास भरलेल्या पैशाचे काय? उत्तरात नुसते "शंभर टक्के प्लेसमेंट" असे ऐकू आले तर मागच्या तुकडीतल्या दोघातिघांशी बोलू देण्याची विनंती करावी. प्रवासाचाही हिशेब धरावा. मानखुर्दहून रोज बोरिवलीला जाणे सुरुवातीच्या उत्साहात जमते, नंतर तेच सोडण्याचे कारण होते.

नोकरी लावण्यासाठी, मुलाखतीसाठी किंवा "गणवेश व ओळखपत्रा"साठी आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. परदेशातल्या नोकरीसाठी एजंटकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असणे बंधनकारक आहे आणि त्याला सेवाशुल्क म्हणून कर वगळून जास्तीत जास्त 30,000 रुपयेच घेता येतात. त्याचा नोंदणी क्रमांक केंद्र शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आपण स्वतः पडताळावा आणि रकमेची पावती घ्यावी. पैसे ऑनलाइन गेले असतील तर संकोचाने घरी लपवू नये, त्याच तासाला सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि व्यवहाराचे संदेश न पुसता जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावेत.