ट्रायपॉड असूनही फोटो हलतो तेव्हा

धबधब्याचं पाणी रेशमी दिसावं म्हणून शटर १ सेकंदाच्या आसपास ठेवलं की दगडही किंचित हललेले येतात. लेन्सला दोष देण्याआधी फोटो १०० टक्के मोठा करून पाहा. कडा दुहेरी दिसत असतील तर कॅमेरा हललाय. सगळंच सारखं मऊ असेल तर फोकस किंवा अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) तपासा.

माझ्याकडे सर्वात जास्त फरक पडला तो मधला दांडा पूर्ण खाली ठेवल्याने. तो वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड व्यवहारात एकपायी होतो. उंची हवी तर आधी वरचे जाड भाग उघडा, बारीक भाग शेवटी. वाऱ्यात गळ्यातला पट्टा फडफडतो, तो काढूनच टाका. बटण बोटाने दाबू नका, २ सेकंदांचा टायमर लावा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर मिरर लॉकअपही, म्हणजे तो आरसा आधीच वर उचलून ठेवणं. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हाताचं हलणं भरून काढणारी सोय) बंद ठेवलेलं बरं, काही जुन्या लेन्स स्थिर असतानाही उगाच दुरुस्ती करत राहतात.

शटर लांबवायला एफ/२२ इतकं बारीक छिद्र वापरू नका, डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) बारकावे जातात. एफ/८ ते एफ/११ ठेवा आणि ६ स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश सहा वेळा निम्मा करणारी गडद काच) लावा: १/६० सेकंदाचा साधारण १ सेकंद होतो. फिल्टर गडद असेल तर फोकस आधी करून मॅन्युअलवर टाका, मग फिल्टर हलक्या हाताने फिरवून बसवा, नाहीतर फोकसची रिंगही सरकते.

पानं मात्र वाऱ्याने हलणारच. त्यांच्यासाठी १/१२५ चा वेगळा फोटो घ्या आणि नंतर जोडा.